तिसगावच्या टाकीत पडलेली चावी

नगरहून पाथर्डीचा रस्ता धरला की भिंगार मागे पडते आणि डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसू लागतो. लोक त्याला महाल म्हणतात. खरे तर ती निजामशाहीतील वजीर सलाबतखानाची कबर आहे. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली गोष्टही तपासून घ्यावी लागते, याची आठवण तो महाल मला दर वेळी करून देतो. पुढे करंजीचा घाट उतरून सुमारे चाळीस किलोमीटरवर तिसगाव येते. येथून एक फाटा शेवगावकडे जातो. मढी, मोहट्याला जाणारी माणसे आणि हंगामात ऊसतोडीला निघालेली कुटुंबे याच रस्त्याने जातात.

गेल्या वर्षावासात आम्ही तिसगावमार्गे आईच्या माहेरी निघालो होतो. तेथील विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. गाडी पुतण्याची. जुनी घेतलेली, कर्जाचे हप्ते अजून चालू असलेली. तो ती भाड्याने चालवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे एका पेशंटला पुण्याला नेण्याचे भाडे त्याने घेतले होते.

तिसगावात चहासाठी थांबलो. हॉटेलापुढे सिमेंटची पाण्याची टाकी होती. पुतण्याने गाडीला कुलूप लावले, दोन्ही हातांनी टाकीतले पाणी घेऊन तोंड धुतले, आणि वाकताच खिशातली रिमोटची चावी डुबकन पाण्यात पडली. हात घालून त्याने ती काढली. बटण दाबले. गाडीने दाद दिली नाही. पुन्हा दाबले, दाबतच राहिला. पोराचा चेहरा पार उतरला. नवी चावी करून गाडीला जुळवून घ्यायची म्हणजे काही हजारांचा खर्च, आणि पहाटेचे भाडेही हातचे जाणार.

भोवती माणसे जमली. एक म्हणाला, “तांदळाच्या डब्यात ठेवा.” दुसरा म्हणाला, “चहाच्या शेगडीवर धरा, लगेच वाळेल.” तिसऱ्याचे म्हणणे, “गाडी टोचन लावून नगरला न्या.” सल्ले पुष्कळ, पण चावी उघडून आत काय झाले आहे हे पाहायला कोणी तयार नव्हते. मला केसपुत्ताच्या कालामांची आठवण झाली. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या, असेच भगवंतांनी त्यांना सांगितले होते.

जवळच घड्याळे आणि मोबाईल दुरुस्त करणारा एक तरुण बसला होता. त्याने आधी पुतण्याचा अंगठा बटणावरून काढला. म्हणाला, “दादा, दाबू नका. नुसत्या पाण्याने एवढे बिघडत नाही. पाण्यात क्षार असतात, त्यात सेलचा करंट चालू राहिला की आतले तांबे गंजते. पहिला सेल काढायचा.” खाचेत नखाएवढा पेचकस घालून त्याने चावी उघडली, दोन हजार बत्तीस नंबरचा गोल सेल बाहेर काढला, सर्किट मऊ ब्रशने आणि स्पिरिटने पुसले. तांदळाबद्दल विचारले तेव्हा हसला. तांदूळ आतले पाणी ओढत नाही, उलट त्याचा भुगा आत जातो. शेगडीच्या आचेने प्लास्टिक वाकते. सावलीत, वाऱ्याला, उघडी ठेवून एक दिवस वाळवावी, मगच नवा सेल घालावा.

“मग आज गाडी कशी न्यायची?” पुतण्याने विचारले.

“चावीत दोन वेगळी कामे असतात. दार उघडणाऱ्या रिमोटला सेल लागतो. इंजिन सुरू करू देणाऱ्या चिपला लागत नाही. तिला गाडीकडूनच वीज मिळते. पात्याने दार उघडून बघा.”

चावी पुसून पुतण्याने दार उघडले. भोंगा ओरडू लागला. त्याने घाईने चावी फिरवली, आणि इंजिन सुरू झाले, भोंगा थांबला. ज्या गाडीवर त्याचे घर चालते, तिच्या चावीत असे काही असते हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. त्या तरुणाने मजुरीचे तीस रुपये घेतले.

इतका वेळ आई बाकावर गप्प बसून होती. पुतण्या तिला म्हणाला, “आजी, माझीच चूक. टाकीत वाकायला नको होते.”

आई म्हणाली, “आरं, १९७२च्या दुष्काळात याच भागात मी खडी फोडली. तहान लागली की ओंजळ धरून उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर पाणी. हाटेलात आमची कपबशी निराळी, प्यायची आन् आपणच धुऊन ठेवायची. तू टाकीत दोन्ही हात घातलेस, कुणी हटकलं का? मग पडू दे की चावी.”

कायदा १९५५ सालीच झाला होता, तरी आईची ओंजळ १९७२ला रिकामीच होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्याचा अर्थ मला तिसगावच्या त्या बाकावर नव्याने कळला. पुतण्या काही बोलला नाही. त्याने टाकीतला तांब्या भरून आजीला दिला.

पहाटे पेशंट वेळेवर पुण्याला निघाला. परत आल्यावर पुतण्याने चावी उघडून पंख्याखाली वाळवली आणि दुसऱ्या दिवशी नवा सेल घातला. बटणे पूर्ववत चालू झाली.

माता-भगिनींना एक विनंती. काढलेला गोल सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजते, ताबडतोब दवाखाना गाठा. गाडीवर पोट असलेल्या तरुणांनी दुसरी चावी घरी जपून ठेवावी. आणि एखादी वस्तू बिघडली तर घाबरण्याआधी ती कशी चालते हे जाणत्याकडून समजून घ्यावे. पाण्यावरचा हक्क आपल्याला मोठ्या संघर्षाने मिळाला. ज्ञानावरचा हक्क मात्र रोज थोडा थोडा वापरावा लागतो.

जय भीम!