सहा फूट, तीस फूट

१० नोव्हेंबर २०२४. फीनिक्स कंट्री क्लब, ज्येष्ठांच्या व्यावसायिक गोल्फ हंगामातली शेवटची स्पर्धा, शेवटच्या दिवसाचा अठरावा होल. सदुसष्ट वर्षांच्या बर्नहार्ड लांगरने तीस फुटांवरून पट (चेंडू हळूच जमिनीवरून होलकडे ढकलण्याचा फटका) मारला आणि चेंडू आत गेला. एका फटक्याने स्पर्धा त्याची. २००७पासून प्रत्येक हंगामात निदान एक विजय, हा नेम अठराव्या वर्षीही चुकला नाही. त्याच फेब्रुवारीत पिकलबॉल खेळताना त्याच्या टाचेचा अकिलीस स्नायुबंध तुटला होता. मे महिन्यात गडी पुन्हा मैदानावर!

पन्नाशी ओलांडलेल्यांचा हा दौरा मला फार आवडतो. बहुतेक स्पर्धा तीन दिवसांच्या, बरेच जण छोट्या गाडीतून फिरतात, आणि दोन दिवस वाईट खेळलात म्हणून सहसा कुणी घरी पाठवत नाही. पहिला दिवस फसला तरी तिसरा हातात असतो. तरुणांच्या खेळात ताकद दिसते. इथे माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या फटक्यात दिसतं.

लांगरचं तर हातांत दिसतं. जर्मनीतल्या ऑग्सबर्गजवळच्या खेड्यातला हा गवंड्याचा मुलगा, लहानपणापासून कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहण्याचं काम करणारा. तरुणपणीच त्याला ‘यिप्स’नी गाठलं. दोन-तीन फुटांवरून चेंडू ढकलायचा, आणि ऐन क्षणी मनगट झटका देतं. मोठा फटका बिनचूक; घात होतो तो सोप्या ठिकाणी. या दुखण्याने किती जणांचा खेळ कायमचा संपवला. लांगरने पकड बदलली. डावा हात खाली घेतला, पुढे उजव्या हाताने पटरची (पट मारायच्या काठीची) दांडी डाव्या कोपराखाली दाबून धरली, नंतर लांब दांडीचा पटर घेतला. २०१६मध्ये पटर छातीला टेकवायला बंदी आली, तेव्हा त्याने तो अंगापासून दूर धरला. दुखणं परत येई, हा नवा उपाय शोधी.

आणि १९९१चं कियावा आयलंड. युरोप-अमेरिका यांच्यातल्या रायडर चषकाचा शेवटचा सामना, शेवटचा होल, समोर अमेरिकेचा हेल अर्विन. सहा फुटांचा पट पडला असता तर चषक युरोपकडे राहिला असता. तो चुकला. एका खंडाची निराशा एकट्याच्या अंगावर आली. पुढच्याच आठवड्यात जर्मनीतल्या स्पर्धेत त्याने शेवटच्या होलवर त्याहून लांबचा पट घातला, बरोबरी साधली आणि प्लेऑफ जिंकला. त्या एका आठवड्याला मी त्याच्या मास्टर्स स्पर्धेतल्या दोन्ही विजयांहून मोठं मानते. ज्येष्ठांच्या दौऱ्यावर अर्विनच्या पंचेचाळीस विजयांचा विक्रमही २०२३मध्ये लांगरनेच मोडला, पासष्टाव्या वर्षी, यूएस सीनियर ओपन जिंकून.

अडचणीतून वाट काढायची ही सवय जुनीच. १९८१मध्ये इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ फुलफर्डला त्याचा चेंडू झाडात अडकला होता. तो झाडावर चढला आणि फांदीवरूनच चेंडू टोलवला.

२०२४च्या हंगामाचा एकूण चषक मात्र स्टीव्हन अल्करचा. न्यूझीलंडचा हा खेळाडू तरुणांच्या पीजीए दौऱ्यावर एकदाही जिंकला नव्हता. पन्नाशी गाठताच, ऑगस्ट २०२१मध्ये सोमवारच्या पात्रता फेरीतून तो या दौऱ्यात शिरला आणि पुढच्याच वर्षी अव्वल ठरला. लांगरने पूर्वीचं वैभव टिकवलं; अल्करला ते पहिल्यांदाच भेटलं. उशिरा आलेल्या अशा यशाला खेळात जागा असलीच पाहिजे, आणि ती राखून ठेवल्याबद्दल या दौऱ्यावर माझा जीव आहे.