आइलाची फुलं

मे महिन्यातली संध्याकाळ. स्कॉटलंडच्या आइला बेटावर रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड आहे. रस्त्याकडेला गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्याधमक फुलांनी लगडली आहेत. एक फूल बोटांत चुरडून नाकाशी नेलं आणि थबकलेच. थेट ओल्या नारळाचा वास! इतक्या दूर, थंड वाऱ्यात, आजीची खवणी आठवली.

आता समोर ग्लासात 'द बोटॅनिस्ट' आहे. इथल्याच ब्रुइकलॅडी डिस्टिलरीची ड्राय जिन, ४६ टक्क्यांची. एकूण ३१ वनस्पती; त्यांतल्या २२ या बेटावर हातांनी वेचलेल्या. गॉर्स, हेदर, एल्डर, क्लोव्हर, कॅमोमाइल. उरलेल्या ९ जिनच्या नेहमीच्या. त्यांत धणे, दालचिनी, ज्येष्ठमध अशी आपल्या डब्यातली मंडळीही आहेत.

पहिला घोट नुसताच घेतला. आधी जुनिपरचा राळेसारखा करकरीतपणा, मग लिंबाची साल, पुदिना. दोन चमचे पाणी घातलं आणि फुलं वर आली: मधाळ, पण गोड नाही. साखर नसल्यामुळेच प्रत्येक वास सुटा कळतो. शेवटी जिभेवर धण्याची मंद ऊब राहते.

फुलांचा मोसम चार दिवसांचा. तो वेचून बाटलीत जपायचा, याला मी कष्टांची कविता म्हणेन. अशी जिन हाती आली, तर टॉनिक ओतायची घाई करू नका. आधी वास घ्या, मग थोडं पाणी, आणि अगदी सावकाश एक घोट.