आखूड सावलीचा प्रवास

हॅरो या लंडनच्या वायव्येकडील उपनगरात आमच्या वास्तव्याला यंदा बारा वर्षे पूर्ण झाली, आणि या अवधीत येथील थंडीची, रिपरिप पावसाची, क्वचित पडणाऱ्या हिमाचीही शरीराला सवय जडली असली, तरी डिसेंबरात दुपारी चाराच्या आत मावळणाऱ्या सूर्याशी माझ्या मनाचा समेट अद्याप झालेला नाही. माझे बालपण पुण्यात गेले. तेथे ऊन ही टाळण्याची गोष्ट होती. त्यासाठी खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, कोपऱ्यात माठ होता, आणि ‘उन्हात हिंडू नकोस’ ही आईची नित्याची ताकीद होती. माझ्या मुलांना ती ताकीद देण्याचा प्रसंगच येत नाही. शाळा सुटून ती घरी पोहोचतात तो अंधार दाराशी आलेला असतो, आणि जेवणाच्या मेजावर लोणच्याच्या बरणीशेजारी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली असते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार प्रत्येकाने करावा, आणि आमच्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी तो वर्षभर करावा, असा येथील सरकारी आरोग्यखात्याचा सल्ला आहे. फेब्रुवारीत शाळेला जी आठवड्याची सुट्टी मिळते, तीत मुलांना खऱ्या उन्हात नेण्याची तजवीज करावी, हा विचार त्या बाटलीकडे पाहतानाच मनात आला.

सहा दिवसांत पुणे होत नाही. जाण्यायेण्यात आणि झोपेची घडी बसण्यातच ते संपतात. दक्षिण युरोपात फेब्रुवारीचे ऊन बेभरवशाचे. दुबईचे घड्याळ चार तास पुढे, आणि सात वर्षांच्या मुलाच्या झोपेत चार तासांची उलथापालथ झाली की पहिले दोन दिवस गेलेच म्हणून समजावे. राहिली ती आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिकात असलेली स्पेनची कॅनरी बेटे. त्यांतले सर्वांत मोठे तेनेरिफे; विमानाने सव्वाचार-साडेचार तास, आणि घड्याळ लंडनचेच. तेथील लोस क्रिस्तियानोस हे पूर्वीचे मासेमारीचे गाव मुक्कामासाठी मुक्रर केले, त्याला एक कारण आणखी होते. पन्नास-साठच्या दशकांत स्वीडनमधले रुग्ण केवळ उन्हासाठी या गावी येऊ लागले, आणि पुढे त्यांच्यासाठी जे आरोग्यकेंद्र येथे उभे राहिले त्याचे नाव होते ‘विंटरसोल’, म्हणजे हिवाळ्यातला सूर्य. ज्या गावाची कीर्ती अशा कारणाने झाली, ते आपल्या कामाचे, असे मला वाटले.

आता दप्तराची बाजू. शाळा चालू असताना मुलांना घेऊन गेल्यास तिकिटे पुष्कळ स्वस्त पडतात हे खरे. परंतु इंग्लंडात विनापरवाना गैरहजेरीबद्दल दर पालकास दर मुलामागे ८० पौंड दंड होतो, आणि तो २१ दिवसांत न भरल्यास १६० होतो. दंड नसता तरीही मी तो मार्ग पत्करला नसता. शाळेची हजेरी ही मुलांनी दिलेल्या शब्दासारखी आहे, आणि तो शब्द आईबापांनीच मोडायला लावावा हे मला रास्त वाटत नाही. मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश, आम्हा उभयतांचे भारतीय. सबब आमच्यासाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज, त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, राहण्याचे दाखले, पगाराचे कागद, असा सारा दस्तऐवज जुळवावा लागला. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिने आधी करता येतो, आणि ती मुभा पूर्ण वापरावी, कारण भेटीची वेळच मुळी लवकर मिळत नाही. या धांदलीत नोव्हेंबरात माझ्या ध्यानी आले की धाकट्याच्या पासपोर्टाची मुदत एप्रिलात संपते, आणि परतीच्या तारखेनंतर ती तीन महिने तरी शिल्लक असावी लागते. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे मी साफ विसरलो होतो. नवा येईपर्यंत घरात कोणी प्रवासाचा विषय काढला नाही.

मुलांना मी प्रत्येकी एक मागणी मागण्याची सवलत दिली. धाकट्याने ज्वालामुखी मागितला. थोरलीने मागितले गोमेरा. समोरच्या त्या लहान बेटावर माणसे दऱ्यांपलीकडे शिट्टीने बोलतात, ती भाषा तेथील शाळांतून शिकवली जाते, आणि युनेस्कोने २००९ साली तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, हे तिने वाचले होते. दोन्ही मागण्या पुरवल्या असत्या तर उन्हासाठी म्हणून दिवस उरले नसते. गोमेरा वगळले. तिचे डोळे भरून आले. ती दहा वर्षांची आहे, आणि त्या वयाची निराशा मोठ्यांच्या निराशेपेक्षा लहान नसते. तिची समजूत घालताना मी तिला एक काम सोपवले: आपण ऊन पाहायला चाललो आहोत, तर ते मोजायचे तूच.

निघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सव्वाबाराला, थोडा वेळ ढग फाटले. मागच्या अंगणात ती ताठ उभी राहिली, आणि आईने मोजपट्टी धरून तिची सावली मोजली. तिची उंची १४० सेंटिमीटर, सावली २९६. भर मध्यान्ही मुलीची सावली तिच्या दुपटीहून लांब, कुंपणाच्या फळ्यांवर चढलेली.

विमानतळाबाहेर पाऊल टाकले आणि धाकट्याने प्रथम काय केले असेल, तर कोट काढून माझ्या हाती दिला. पुढील दोन दिवस आम्ही कोठेही गेलो नाही. वाळू, पाणी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा वाळू. समुद्र १९-२० अंशांचा, आमच्या कोकणातल्या पाण्याच्या मानाने गार. मुलांना त्याचे काही नव्हते. मंगळवारी थोरलीने मोजपट्टी मागितली. मध्यान्ह तेथे बाराला होत नाही: घड्याळ लंडनचे असले तरी बेट पुष्कळ पश्चिमेला असल्याने सूर्य माथ्याशी येतो एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, हे तिने घरीच काढून ठेवले होते. ओल्या वाळूवर टाचा जुळवून ती उभी राहिली. तिची सावली तिच्या पायांशी गोळा झाल्यासारखी दिसली, आणि आईने वाकून आकडा वाचला: ११८.

“बाबा, मी सावलीपेक्षा उंच आहे!” ती म्हणाली. मला एकाएकी आठवले, की मार्गशीर्ष-पौषात पुण्याच्या शाळेच्या पटांगणावर आमच्या सावल्या साधारण एवढ्याच पडत. जे ऊन मी मुलांना परदेशातली अपूर्वाई म्हणून दाखवायला निघालो होतो, ते माझ्या पौषातल्या मधल्या सुट्टीचे ऊन होते.

बुधवारी तेइदे. ३,७१५ मीटर उंचीचा हा पर्वत स्पेनमधला सर्वोच्च. गाडीरस्ता दोन हजार मीटरांवरच्या लास कान्यादास या विस्तीर्ण कढईसारख्या पठारापर्यंत नेतो. वळणांनी धाकट्याला मळमळले, दोनदा थांबावे लागले, आलेपाकाच्या वड्या कामी आल्या. वर पोहोचलो तो वाऱ्यामुळे रज्जुमार्ग बंद. परंतु मुलांना जे हवे होते ते पायाशीच होते. धाकट्याने एक डोक्याएवढा दगड उचलला आणि तो इतका हलका निघाला की धाकटा स्वतःच मागे कलंडला. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून थिजले म्हणजे असा दगड होतो, हे त्याला सांगितले. तो घरी नेण्यास मनाई आहे, हेही सांगितले. त्याने तो दोन्ही हातांनी जपून जेथून घेतला होता तेथेच ठेवला. खाली उत्तरेकडे ढगांचा अथांग पसारा होता. ईशान्येचे वारे समुद्रावरची वाफ आणतात आणि पर्वत ती उत्तर उतारावर अडवतो. तिकडे हिरवी राने आणि केळीच्या बागा, आणि दक्षिणेला, आमच्या मुक्कामी, निवडुंग. महाबळेश्वर भिजवून वाईला जाता जाता पाऊस कोरडा होतो, तोच न्याय.

जेवणाचे फार लिहीत नाही. मिठाच्या पाण्यात साल सुरकुतेपर्यंत उकडलेले लहान बटाटे, आणि सोबत लसूण-मिरचीचे तेलातले वाटण, ज्याला मुलांनी पहिल्याच घासाला ‘ठेचा’ म्हटले. भाजलेल्या धान्याचे गोफियो नावाचे पीठ तर सातूचे सख्खे भावंड.

शेवटच्या संध्याकाळी सातच्या सुमारास सूर्य गोमेराच्या डाव्या अंगाला समुद्रात उतरला. थोरली धक्क्यावर उभी राहून दोन बोटे तोंडात घालून त्या बेटाच्या दिशेने शिट्टी वाजवत होती. उत्तर अर्थातच आले नाही, परंतु ती बराच वेळ थांबली. पुढच्या वर्षीची पहिली मागणी तिची, हे मी तेथेच कबूल केले.

परतल्यावर रविवारी हॅरोला ऊन होते. तिने अंगणात पुन्हा सावली मोजली आणि वहीत लिहिली: २६२. आठ दिवसांत घरची सावलीही ३४ सेंटिमीटरांनी आखूड झाली होती.