वकिलाच्या मुलाने जपलेले कागद

लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र आपल्याकडे शाळाशाळांतून फ्रेम करून लावलेलं असतं, ते लिंकनच्या कागदपत्रांत कुठेच सापडत नाही. आम्ही शिक्षकांनी ते किती निरोपसमारंभांत वाचलं असेल! असो. आज लिहायचंय ते त्याच्या थोरल्या मुलाबद्दल, रॉबर्टबद्दल, आणि त्याने जपलेल्या खऱ्याखुऱ्या कागदांबद्दल.

बाप वकील, मुलगाही वकील. पण बापाचा कागदांचा कारभार अगदीच गबाळा. महत्त्वाची पत्रं उंच टोपीत खोचलेली. स्प्रिंगफिल्डच्या ऑफिसात एक गठ्ठा तर असा होता म्हणे, की ज्यावर त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं, कुठेच सापडलं नाही तर यात बघावं. (मला आमच्या शाळेचं जुनं कपाट आठवलं.) रॉबर्ट याच्या अगदी उलट, शिस्तीचा. १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली तेव्हा तो बावीस वर्षांचाही नव्हता. व्हाइट हाउसमधले कागद त्याने ब्लूमिंग्टनला जज डेव्हिस यांच्याकडे सुरक्षित ठेवले. पुढे निकोले आणि हे या लिंकनच्या दोघा सेक्रेटरींना ते चरित्रासाठी दिले, त्याचे दहा खंड १८९० मध्ये आले. १९१९ मध्ये कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले, आणि नंतर अट घातली गेली की माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षं कुणी उघडायचे नाहीत. तो गेला २६ जुलै १९२६ ला. कागद उघडले २६ जुलै १९४७ ला. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा वीस दिवस राहिले होते! अठरा हजारांवर कागद निघाले. आत काहीतरी भयंकर असणार म्हणून लोक टपून होते, पण तसं काही निघालं नाही.

जे नाजूक होतं ते त्याने घरीच ठेवलं होतं. ते आईबद्दलचं होतं.

मेरी लिंकनचा नवरा तिच्या शेजारी बसलेला असताना मारला गेला. चार मुलांपैकी तीन गेले, शेवटचा टॅड १८७१ मध्ये. त्यानंतर ती भरमसाट खरेदी करायची, कुणी विष घालतंय म्हणायची, हजारो डॉलरचे रोखे कपड्यांत शिवून हिंडायची. १९ मे १८७५ ला रॉबर्टने तिला शिकागोच्या कोर्टात उभं केलं. इलिनॉयमध्ये तेव्हा माणसाला वेडा ठरवायला ज्यूरी लागत असे. मुलाने स्वतः साक्ष दिली, रडत रडत. तिच्या बाजूच्या वकिलाने एकही साक्षीदार बोलावला नाही. बारा पुरुषांनी काही मिनिटांत निकाल दिला आणि तिची रवानगी बटेव्हियाच्या खाजगी इस्पितळात झाली.

तिथून तिने पत्रं लिहिली. मायरा ब्रॅडवेल नावाची मैत्रीण मदतीला धावली. ही बाई कायदा शिकलेली, कायद्याचं साप्ताहिक चालवणारी, पण बाई म्हणून तिला सनद नाकारली होती आणि १८७३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते बरोबर ठरवलं होतं. तिने आणि तिच्या जज नवऱ्याने इतका गाजावाजा केला की चार महिन्यांत मेरी बहिणीकडे गेली. जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने तिला शहाणी ठरवलं.

रॉबर्टने या प्रकरणाचे कागद जाळले नाहीत. व्हरमाँटमधल्या त्याच्या घरात ते १९७५ मध्ये सापडले, आणि १९८६ मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्याचं मला कौतुक वाटतं, आणि थोडी चीडही येते. कारण ती एका वकिलाने आपल्या बचावासाठी ठेवलेली फाइल आहे. आई तिथे बोलते त्याहून जास्त तिच्याबद्दल इतरच बोलतात.

मग तिची स्वतःची पत्रं? मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढे त्या मैत्रिणीच्या नातीकडे आली. नातीने त्यांवर पुस्तक लिहिलं. १९२८ मध्ये रॉबर्टच्या विधवेने पत्रं आणि हस्तलिखित दोन्ही विकत घेतलं, आणि पत्रं नष्ट झाली. सासूचा विषय मिटला! पण लिंकन घराण्याच्याच एका वकिलाच्या जुन्या ट्रंकेत त्यांच्या नकला राहून गेल्या होत्या. २००५ मध्ये त्या हाती लागल्या आणि २००७ मध्ये छापूनही आल्या.

आता जरा घरचं. सासरहून परत आलेल्या, "डोक्यावर परिणाम झालेल्या" आपल्या आत्याची तेवीस पोस्टकार्डं आणि अंतर्देशीय पत्रं माझ्याकडे आहेत. तिच्या बाजूचं घरात दुसरं काहीच उरलेलं नाही. सासरचं मात्र सगळं आहे, वडिलांच्या नावाने आलेली वकिलाची नोटीससुद्धा. दादा, तू परवा फोनवर म्हणालास की कशाला ती जुनी लफडी, टाक बंबात. तू हे वाचशीलच. पत्रं माझ्याच कपाटात आहेत. भाचीने दिवाळीत एकेकाचे फोटो काढून नेलेत, ते तिच्याकडे आहेत आणि धाकट्या वहिनीकडेही. कुणाला हवे असतील तर मला कळवा. दोन पत्रांवरची शाई उडाली आहे, ती मी बसून उतरवून काढतेय.