गाडी स्वस्त होते, हेडलाइट होत नाही

कोणती महागडी गाडी किती वर्षांनी विकली म्हणजे कमी तोटा होतो, यावर दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सुचवलं. मी मोटार सर्व्हेअर आहे. अपघातात सापडलेल्या गाड्यांचं नुकसान मोजून विमा कंपनीला अहवाल देणं हे माझं काम. गाडी कधी विकावी हे दलाल माझ्यापेक्षा बरं सांगतील. पण गाडीची किंमत कशी उतरते आणि त्या उतरणीत कोण सापडतो, हे मी गॅरेजच्या फरशीवर उभं राहून वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. त्यामुळे तेवढंच लिहितो.

पहिली घसरण गाडी रस्त्यावर येण्याआधीच होते. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के एकरकमी कर लागतो. ७० लाखांची गाडी उद्योजक कंपनीच्या नावावर घेतो, म्हणजे १४ लाख परिवहन खात्यात जमा झाले. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर गेली, त्यामुळे कोटीच्या वरच्या गाड्यांना हा फटका आणखी मोठा बसतो. हे पैसे पुढचं गिऱ्हाईक देत नाही, विमा कंपनीही धरत नाही. ‘इनव्हॉइस कव्हर’ वेगळं घेतलं असेल तरच ते परत मिळण्याची आशा. तरीही प्रत्येक मालक मला ऑन-रोड किंमतच सांगतो आणि तीच गाडीची किंमत समजतो.

आता आयडीव्हीविषयी, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीविषयी. पॉलिसीवर छापलेल्या या आकड्याबद्दल लोकांचा जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कशाबद्दल नसेल. तो आकडा म्हणजे आपल्या गाडीचा बाजारभाव, असं सरसकट मानलं जातं. प्रत्यक्षात तो एका तक्त्यातून येतो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. त्यापुढे मालक आणि विमा कंपनी आपसांत ठरवतील ती रक्कम. हा तक्ता २००२ च्या मोटार टॅरिफमधला आहे आणि तो अल्टोला जसा लागतो तसाच एस-क्लासला. बाजार मात्र दोघींना एका मापाने मोजत नाही. फॉर्च्युनरसारखी गाडी पाचव्या वर्षीही तक्त्याच्या वर विकली जाते. मोठी जर्मन सेडान बहुधा खूप खाली जाते, आणि वॉरंटी संपायला आली की एकदम जाते. गाडी तीच, मीटर तेच, पण आता बिघाडाचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे बदललेलं असतं.

शिवाय हा घसारा तुम्ही दिलेल्या किमतीवर लागत नाही. पॉलिसीचं नूतनीकरण होतं त्या दिवशी त्या मॉडेलची जी नवी किंमत असेल, तिच्यावर लागतो. हे समजावताना माझा घसा कोरडा पडतो. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा ५० टक्क्यांपर्यंतचा बोजा सरसकट ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी लाखोंनी स्वस्त झाली, पेपरात आनंदाच्या बातम्या आल्या. ज्याच्या दारात आदल्या वर्षीची तीच गाडी उभी होती त्याचा बाजारभाव त्याच दिवशी उतरला आणि आयडीव्ही पुढच्या नूतनीकरणाला. २०२४ मध्ये रेंज रोव्हर पुण्यात जुळवायला सुरुवात झाली, तेव्हाही तसंच झालं. नवी गाडी जवळपास पाचव्या हिश्शाने उतरली आणि आयात कर भरून आधी घेतलेल्यांच्या गाड्या ओरखडाही न पडता तेवढ्याच उतरल्या.

जानेवारी २०२५ मध्ये सगळ्याच जुन्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा मला दिवसभर फोन येत होते: तोट्यात गाडी विकली तरी कर भरायचा का? तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याने, तोही फक्त स्वतःच्या नफ्यावर भरायचा आहे. घरगुती विक्रेत्याचा त्याच्याशी संबंध नाही. इतकी साधी गोष्ट आठवडाभर सगळीकडे चुकीची फिरत राहिली याचा मला अजून राग येतो.

औरंगाबादच्या उद्योजकांनी २०१० मध्ये एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, ते अनेकांना आठवत असेल. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा. त्याचं कौतुक देशभर झालं आणि ते योग्यच होतं. पण तक्ता लावला तर पाच वर्षांत त्यातले ३० कोटींच्या वर गेलेच. पहिल्या मालकाला हे परवडतं. उद्योजक प्राप्तिकरात दरवर्षी १५ टक्के घसारा दाखवतो, गाडी तीन-चार वर्षं वापरतो आणि बदलतो. माझी काळजी त्याच्यासाठी नाही. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकासाठी आहे.

कारण गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ८० लाखांची गाडी आठ वर्षांनी १७ लाखांना मिळते, पण तिचा हेडलाइट ८० लाखांच्या गाडीचाच असतो. एअर सस्पेन्शन, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट, रडार सेन्सर, सगळं नव्या गाडीच्या भावाने, आणि दरवर्षी थोडं वाढून. स्वस्तात मिळाली म्हणून गाडी घेणारा या भागांचा भाव क्वचितच विचारतो.

अलीकडचं एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाने कर्ज काढून अशीच आठ वर्षांची सेडान १७ लाखांना घेतली. काही महिन्यांतच रात्री महामार्गावर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ती आदळली. सुदैवाने माणसं सुखरूप राहिली. एअरबॅग उघडल्या, दोन्ही हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर, कंडेन्सर, डॅशबोर्ड, सगळं गेलं. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट २० लाखांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त. पत्र्याच्या भागांवर ४० टक्के, प्लॅस्टिक आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला तरी कंपनीचा वाटा साडेबारा लाखांच्या आसपास येत होता. आयडीव्ही १६ लाख. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे, म्हणजे १२ लाखांवर गेला की नियमाने गाडी टोटल लॉस. “साहेब, इंजिन एका सेल्फला चालू होतंय, मग गाडी भंगारात कशी?” त्यांनी विचारलं. मी सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि परत तेच विचारलं.

माझा अहवाल नियमाला धरून होता आणि आजही मी तोच लिहीन. मिळालेली रक्कम आधी वित्तसंस्थेकडे गेली. मालकाच्या हाती फारसं उरलं नाही.

त्या गाडीचं पुढे काय होतं, हे अधिक त्रास देणारं आहे. अशा गाड्यांसाठी सॅल्व्हेजच्या, म्हणजे मोडक्या अवस्थेतच विकत घेण्याच्या, बोली लागतात. खरेदीदार जुन्या बाजारातले भाग बसवतो, एअरबॅग पुन्हा बसवेल याची खात्री नसते, डॅशबोर्ड शिवून रंगवून घेतो. आणि गाडी ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, सिंगल ओनर’ म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहते. मी रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावून, दरवाजाच्या बिजागरीचे बोल्ट पाहून, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून ओळखू शकतो. पुराच्या गाडीत तर बेल्टच्या टोकाला चिखलाची रेघ हमखास सापडते. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर खडकवासल्याचं पाणी शिरलं, त्यानंतर मी अशा रेघा बऱ्याच पाहिल्या. सामान्य गिऱ्हाइकाने हे कसं ओळखायचं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार नष्ट झालेल्या किंवा कायमची निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द होते. टोटल लॉस ठरलेली ही गाडी निकामी नसते. तिची दुरुस्ती परवडत नाही, एवढंच. म्हणून ती या कलमातून निसटते. माझा फोटोंसह अहवाल विमा कंपनीच्या फायलीत राहतो, पुढच्या घेणाऱ्याला तो दिसत नाही. गाडीवर कर्ज असेल तर कलम ५१ प्रमाणे त्याची नोंद आरसीवर होते आणि बँकेची ना-हरकत आणून ती उतरवावी लागते. बँकेच्या पैशाला हे संरक्षण आहे. ‘ही गाडी अमुक तारखेला टोटल लॉस ठरली’ ही ओळ त्याच आरसीवर यायला हवी, आणि दुरुस्तीनंतर एअरबॅगसह तपासणी झाल्याशिवाय ती गाडी नावावर होता कामा नये. मी ही मागणी जिथे संधी मिळते तिथे करतो, म्हणून इथेही केली. तोपर्यंत जुनी महागडी गाडी घेणाऱ्याने विक्रेत्याकडून विम्याचा मागचा सगळा क्लेम इतिहास लेखी मागावा, आणि तो द्यायला टाळाटाळ झाली तर भाव कितीही चांगला असला तरी उठून यावं.