प्रकाशाची वाटणी

महाडहून मुंबईच्या रस्त्याला लागले की डोंगराच्या अंगावर गांधारपाल्याची सुमारे ३० बौद्ध लेणी दिसतात. त्यांतील ज्या आतल्या खोल्यांत भर दुपारीही उजेड पोहोचत नाही, त्यांनीच मला विजेरीने छायाचित्र रंगविण्याची विद्या शिकविली, असे मी कृतज्ञतापूर्वक म्हणेन. पुरातत्त्व खात्याचा रीतसर परवाना घेऊन ट्रायपॉड उभा करावा, छिद्र एफ ८ आणि संवेदनक्षमता १०० ठेवून शटर 'बल्ब'वर उघडे टाकावे. मग काळ्या कपड्यांतला मनुष्य कॅमेऱ्यासमोरून फिरत राहिला, तरी विजेरीचा झोत त्याच्या अंगावर वा थेट भिंगात न पडल्यास चित्रात त्याची दखल घेतली जात नाही. नोंद होते ती त्याच्या हाताने भिंतीला दिलेल्या उजेडाची.

इतर छायाचित्रणात प्रकाश बहुधा आयता मिळतो. येथे तो वाटावा लागतो, आणि वाटणी आली की न्यायाची जबाबदारीही आली. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून दूरच्या कोपऱ्यास चौपट वेळ द्यावा लागतो. हात थबकला तर तेथे पांढरा डाग पडतो, म्हणून जमीन सारवणारी बाई एक हात दुसऱ्यावर किंचित चढवीत जाते तसा झोत अखंड फिरता ठेवावा लागतो. कॅमेऱ्याच्या जागेवरून टाकलेल्या झोतात सावल्या वस्तूंमागे दडतात आणि पाषाण सपाट होतो. तोच झोत भिंतीला जवळजवळ घासून एका बाजूने नेला की छिन्नीच्या प्रत्येक घावाला त्याची स्वतःची सावली मिळते. गांधारपाल्याच्या ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याच्या लेणे, चैत्यगृह व खोल्यांच्या दानाची नोंद आहे. अशा झिजलेल्या अक्षरांना समोरच्या लख्ख उजेडापेक्षा हा तिरपा, तुटपुंजा उजेडच अधिक मानवतो.

प्रकाशाने चित्र काढण्याची याहून वेगळी रीतही आहे. १८८९ साली फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे आणि त्यांचे सहकारी डेमेनी यांनी मनुष्याच्या अंगावर दिवे लावून त्याची चाल एकाच चित्रात उतरविली. १९४९ साली छायाचित्रकार ग्यॉन मिली यांच्या कॅमेऱ्यापुढे पिकासोंनी हवेत प्रकाशाच्या आकृती काढल्या. तेथे दिव्याची वाट हेच चित्र होते. लेण्यात मात्र दिवेकऱ्याने आपली खूणही मागे ठेवू नये, असे माझे मत आहे.

पोलादपूरच्या रानात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे चमकू लागतात, तेव्हा या संयमाची खरी कसोटी लागते. काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे परस्परांना बोलावणे असून आपल्या विजेरीने त्यात व्यत्यय येतो. म्हणून तेथे शटर उघडून दिवा बंद ठेवणे एवढेच छायाचित्रकाराचे कर्तव्य उरते. या विद्येत पडू इच्छिणाऱ्यास माझे सांगणे इतकेच, की विजेरी हाती घेण्यापूर्वी चित्राचा कोणता भाग अंधाराच्या हवाली करायचा त्याचा निवाडा करावा. तो नीट झाला, तर उरलेल्या भागास थोडा प्रकाशही पुरतो.