लिंबोणीच्या फांदीला मुळ्या

आमच्या विहिरीजवळची लिंबोणी आजोबांनी लावलेली. आजोबा आता नाहीत. यंदा रस्ता रुंद करायचा म्हणून आखणी झाली आणि झाड नेमके आखणीत आले. आजी म्हणाली, "झाड जाऊं दे, पण वाण ऱ्हायला पायजे." तिचं लोणचं याच लिंबांचं. आमच्या वर्गातल्या पुष्कळांनी ते खाल्लं आहे!

काकू म्हणाली, बी लावा. लिंबाच्या एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपे निघतात आणि ती बहुतेक आईसारखीच होतात. पण बीच्या झाडाला फळ यायला चार-पाच वर्षे लागतात. आजीचे वय ७८. म्हणून फांद्याच लावायचे ठरले.

मामा रोपवाटिकेत कामाला आहेत. त्यांनी मुळ्या फुटायची पावडर आणली. तिच्यात आयबीए म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड असते. झाडाच्या शेंड्यात अशाच जातीचे द्रव्य आपोआप तयार होऊन खाली उतरते. हॉलंडच्या वेंट या शास्त्रज्ञाने १९२८ साली ओटच्या कोंबांवर प्रयोग करून ते दाखवून दिले.

पाऊस पडल्यावर आम्ही पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर २० फांद्या घेतल्या. खाली तिरका छाट, वर सरळ. म्हणजे उलटसुलट होत नाही. दोनच पाने ठेवली, तीही अर्धी कापून, कारण मुळ्या नसताना पानांतून पाणी उडून जाते. झाड निरोगी आहे ना, हे मामांनी आधी पाहिले. रोगट फांदीबरोबर रोगही येतो. आपल्याकडच्या डाळिंबवाल्यांना तेल्या रोगाने हे चांगलेच शिकवले आहे.

१० फांद्यांना पावडर लावली, १० तशाच. पावडर जास्त झाली तर फांदी खराब होते, म्हणून टिचकी मारून झटकायची. धुतलेल्या वाळूत आधी काडीने भोक पाडायचे, नाहीतर पावडर वरच पुसून जाते. मग वरून प्लॅस्टिकची पिशवी आणि सावली. नंतर हात साबणाने धुतले. धाकट्याला रोज उपटून बघायचे होते, म्हणून आजी काठी घेऊन तिथेच बसायची.

दोन महिन्यांनी पावडरच्या ७ फांद्यांना मुळ्या आल्या, बिनपावडरच्या ३ ना. संत्र्या-मोसंबीचे असे सहज जमत नाही. त्यांचे डोळे जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात, असे मामा म्हणाले.

श्रावणात झाड तोडले. आजी त्या दिवशी घराबाहेर आली नाही. संध्याकाळी मात्र रोपांना पाणी घातलं का, म्हणून तिनेच विचारलं.

एका रोपासाठी गुरुजींनी शाळेच्या कुंपणाजवळ जागा दाखवली आहे. फांदीच्या रोपाला सोटमूळ नसते, म्हणून काठीचा आधार लागेल. मधल्या सुट्टीत चेंडू खेळणाऱ्यांनी जरा दुसऱ्या बाजूला खेळावे.

— इयत्ता ७ वी